हरणाच्या कानात टॅग दिसला? ते आलं कुठून हे असं शोधा

पहाटे खिडकीतून सहज बाहेर बघितलं तर झाडीच्या कडेला एक हरणी चरत होती, हे रोजचंच म्हणून मी वळणार एवढ्यात तिने कान झटकला आणि कानात काहीतरी पिवळं चमकलं. नीट बघितलं तर टॅग. गाईम्हशींच्या कानात असतो ना, तसाच प्लॅस्टिकचा बिल्ला. नवरा म्हणाला कुणाचं तरी पाळलेलं सुटलं असणार. शेजारच्या काकू म्हणाल्या, नाही गं, पिल्लं होऊ नयेत म्हणून इंजेक्शन देतात त्यांना, त्याची खूण ती. तिसऱ्याने सांगितलं आजारी असेल, लांबच राहा. गंमत म्हणजे तिघं म्हणत होते तसं कुठे ना कुठे खरंच घडतं, फक्त माझ्या हरणीच्या बाबतीत तिघंही चुकले निघाले. पण ते कळायला मला जवळजवळ महिना लागला आणि त्यातले निम्मे दिवस माझ्याच चुकीमुळे गेले, म्हणून आता सगळं एकदा लिहून ठेवते, कुणालातरी उपयोग होईल.

पहिली गोष्ट, टॅग दिसला म्हणजे ते हरीण पाळीव असं लगेच धरून चालू नका. रानात जन्मलेलं, रानातच वाढलेलं हरीण पकडून, टॅग मारून तासाभरात परत सोडून देतात आणि ते आयुष्यभर रानटीच राहतं. दुसरी शक्यता खरंच सुटलेल्याची, म्हणजे हरणांचं फार्म, खाजगी शिकारीचं कुंपण घातलेलं रान, प्राणिसंग्रहालय असं कुठूनतरी. आणि तिसरी मधलीच, आई मेलेलं पाडस कुणीतरी रीतसर वाढवून मग रानात सोडलेलं. तुम्हाला शोधायचंय ते एवढंच की या तिन्हीतलं कुठलं, आणि त्याचं निम्मं उत्तर टॅगवरच असतं.

टॅग कसा वाचायचा

आधी आकार बघा. लांबून वाचता येईल असा मोठा, लोंबणारा, रंगीत टॅग असेल तर तो कुणीतरी मुद्दाम "लांबून दिसावा" म्हणून लावलाय. अभ्यास करणारे लावतात, आणि फार्मवालेही लावतात, म्हणजे नुसत्या आकारावरून निकाल लागत नाही. छोटा, शर्टाच्या बटणासारखा गोल टॅग असेल तर त्यात चिप असू शकते, ती मशीन जवळ नेल्याशिवाय वाचता येत नाही. आणि धातूची बारीक पट्टी असेल, कानाच्या कडेला चिमटा लावल्यासारखी, तर तिच्यावरचा नंबर जिवंत हरणावर वाचायचा नाद सोडून द्या, तो हरीण हातात आल्यावरच वाचता येतो. पण पट्टी आहे एवढं लिहून मात्र ठेवा.

मग आकडे मोजा. एक, दोन किंवा तीनच आकडे असतील, १७, ४०२ असले, तर तो बहुतेक एखाद्या ठरावीक प्रोजेक्टचा किंवा एखाद्या फार्मचा स्वतःचा नंबर असतो, त्याला त्या जागेबाहेर काही अर्थ नाही. लांबलचक १५ आकडी नंबर असेल तर पहिले तीन बघा. जनावरांच्या ओळखीचं एक आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ ११७८४, त्यात पहिले तीन आकडे देशाचे असू शकतात: ८४० म्हणजे अमेरिका, १२४ कॅनडा, ८२६ ब्रिटन, ३७२ आयर्लंड, ५५४ न्यूझीलंड. ९०० च्या पुढचे असतील तर ते देशाचे नाहीत, टॅग बनवणाऱ्या कंपनीचे. असला सरकारी लांब नंबर असेल तर हरीण कधीतरी बंदिस्त असण्याची शक्यता खूप वाढते, कारण हा सगळा खटाटोप मुळात पाळलेल्या जनावरांचा माग ठेवायला आहे.

फोन नंबर किंवा काही अक्षरं दिसली तर सोन्याहून पिवळं. आणि कधीकधी टॅगवर लिहिलेलं असतं की खाण्याआधी फोन करा. हे गमतीचं वाटतं पण त्यामागे कारण आहे, हरणाला पकडताना भुलीचं औषध दिलेलं असतं आणि ते मांसात काही दिवस राहतं, म्हणून जिथे शिकारीला परवानगी आहे तिथल्या शिकाऱ्यांसाठी ही सूचना. म्हणजे असं लिहिलेलं दिसलं की समजा, हरीण डार्ट मारून पकडलेलं होतं आणि पकडणाऱ्याला ते परत मोकळ्या रानात जाणार हे माहीत होतं. फार्मवाला आपल्या जनावराच्या कानात असलं कशाला लिहील.

आता माझी चूक. मी दुर्बिणीतून नंबर वाचला ८९ आणि तोच कळवला (कुणाला कळवायचं ते खाली येतंच). तिकडून उत्तर आलं की ८९ हा नर होता आणि तो कधीच मेलाय. मी म्हटलं भूत आलं की काय चरायला. मग फोटो परत परत बघितले तेव्हा डोक्यात उजेड पडला, हरणी मान खाली घालून चरत होती, कान लोंबत होता आणि टॅग फिरून उलटा झाला होता. टॅगवर इंग्रजी आकडे असतात, त्यातला ६ उलटा केला की ९ दिसतो आणि ८ उलटा केला तरी ८ च, म्हणजे ६८ उलटं धरलं की सरळ सरळ ८९ वाचलं जातं. काही टॅगवर ६ आणि ९ च्या खाली रेघ मारलेली असते ती याचसाठी, ती आधी शोधा. ६, ८, ९, ०, १ एवढ्याच आकड्यांचा नंबर असेल तर हरणाने मान वर केलेला फोटो मिळाल्याशिवाय कळवूच नका.

दुसरा घोळ डाव्या-उजव्याचा. हरीण तुमच्याकडे तोंड करून उभं असेल तर तुमच्या डाव्या हाताचा कान हा त्याचा उजवा कान. कळवताना नेहमी हरणाचा डावा, हरणाचा उजवा असंच लिहा. काही प्रोजेक्टमध्ये माद्यांना एका कानात आणि नरांना दुसऱ्या कानात टॅग मारतात, त्यामुळे तुम्हाला क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट समोरच्याला यादी अर्धी करून देते. रंगावर मात्र फार भिस्त ठेवू नका, ऊन खाऊन पिवळा टॅग मळकट पांढरा होतो, केशरी पिवळा दिसायला लागतो. "आता फिकट पिवळा दिसतोय" असं लिहा, "पिवळा आहे" असं नको.

मुळात टॅग मारतात कशाला

हे माहीत असलं की अंदाज बांधणं सोपं जातं. सगळ्यात साधं कारण मोजणी. समजा एका रानात २० हरणांना टॅग लावून सोडलं. काही आठवड्यांनी फिरून बघितलं तर ५० हरणं दिसली आणि त्यातली १० टॅगवाली होती, म्हणजे पाचातलं एक. तर २० टॅगवाली ही एकूण संख्येचा पाचवा भाग, म्हणजे रानात साधारण १०० हरणं. शाळेतल्या त्रैराशिकासारखंच आहे, पण यावर कितीतरी ठिकाणचे आकडे ठरतात. आणि म्हणूनच बिनटॅगची किती दिसली हेही तितकंच महत्त्वाचं, ते कुणी कळवतच नाही.

दुसरं कारण कोण किती जगतं आणि कुठे जातं. हरणाचं पाडस पहिले काही दिवस धोका दिसला की पळत नाही, गवतात गपगार पडून राहतं. त्याच दिवसांत अभ्यासक ते हाताने उचलतात, छोटा टॅग लावतात आणि होतं तिथे परत ठेवतात. मोठ्यांना जाळीच्या पिंजऱ्यात चारा ठेवून पकडतात, वरून जाळं टाकतात किंवा डार्ट मारतात. गळ्यात कॉलर पण असेल तर मग शंकाच नको, कुणीतरी त्याचा माग ठेवतंय. तरणे नर आईचा भाग सोडून लांब जातात हे असंच कळलं. अमेरिकेत मिसुरी राज्यात २०१७ साली कॉलर घातलेला एक नर २२ दिवसांत सुमारे ३०० किलोमीटर चालला होता. त्यामुळे "आपल्या आसपास असं काही प्रोजेक्टच नाही" म्हणून विषय संपवू नका.

तिसरं, काकू म्हणत होत्या ते. शहरांच्या कडेला हरणं फार झाली की काही ठिकाणी गोळी घालण्याऐवजी संख्या वाढू नये म्हणून उपाय करतात. न्यूयॉर्क राज्यातल्या हेस्टिंग्ज-ऑन-हडसन गावात २०१४ पासून माद्यांना गर्भनिरोधक लस देऊन टॅग लावले, आणि न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन आयलंड भागात २०१६ पासून नरांची चक्क नसबंदी केली. इथे टॅगचा उपयोग साधा आहे, त्याच हरणाला दुसऱ्यांदा भूल द्यायला नको. अशा ठिकाणी रस्त्यावर फिरणाऱ्या हरणांपैकी बऱ्याच हरणांच्या कानात टॅग दिसतात. एकच दिसलं की वेगळा विचार, दहातली सात दिसली की वेगळा.

सुटलेलं असेल तर

वागण्यावरून ओळखता येतं असं सगळे सांगतात, माणसाकडे चालत आलं म्हणजे पाळलेलं. माझा यावर अर्धाच विश्वास आहे. वस्तीजवळची रानटी हरणं पण इतकी निर्ढावलेली असतात की कचऱ्याचा डबा वाजला तरी मान वर करत नाहीत. पण सहन करणं वेगळं आणि हौसेने जवळ येणं वेगळं. बादलीचा आवाज ऐकून तुमच्या दिशेने आलं, हात हुंगायला लागलं, कुंपणाला समांतर येरझारा घालायला लागलं, तर ते माणसाच्या हातून खाल्लेलं आहे, फार्मवर किंवा पाडस असताना कुणाच्या घरात.

जास्त भरवशाची खूण शिंगं. शिंगं लढाईत मोडतात तेव्हा मोडलेलं टोक वेडंवाकडं असतं. दोन्ही शिंगं एकाच उंचीवर सपाट, करवतीने कापल्यासारखी दिसली तर ती करवतीनेच कापलेली आहेत, बंदिस्त नर एकमेकांना किंवा माणसाला मारू नयेत म्हणून कापतात. (पकडून दुसरीकडे हलवलेल्या हरणांची पण कधी कापतात, म्हणजे शंभर टक्के नाहीच.) दोन्ही कानांत वेगवेगळ्या प्रकारचे टॅग, एक मोठा लोंबता आणि एक बटण किंवा धातूचा, हे पण फार्मकडे बोट दाखवतं. अमेरिकेत हरणांच्या एका रोगाला आळा घालायला फार्मचं सर्टिफिकेशन असतं, त्यात प्रत्येक जनावरावर दोन ओळखखुणा लागतात. आणि जात बघा! त्या भागात मुळात नसलेली जात, म्हणजे जिथे रानात फक्त व्हाइटटेल ही अमेरिकेतली जात आहे तिथे ठिपक्यांचं फॅलो किंवा सिका टॅग घालून फिरताना दिसलं, तर ते किंवा त्याचे आईबाप कुंपणाच्या आतून आलेत. फक्त आधी तुमच्या भागात जुनी सुटलेली हरणं रानात स्थायिक झालीयेत का ते बघा, ब्रिटनमध्ये तर फॅलो शेकडो वर्षांपासून रानात आहे आणि ते मुळात माणसानेच आणलंय.

वेळही बघा. मोठं वादळ होऊन झाडं पडली की फार्मचं कुंपण कुठेतरी आडवं होतं. त्यानंतरच्या आठवड्यात टॅगवालं हरीण दिसलं तर मी आधी फार्मवाल्याला फोन करेन.

हे सगळं एवढं किचकट का करायचं, असेल कुणाचंतरी, तर त्याला कारण आहे तो रोग. सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) म्हणतात, हरणाच्या मेंदूची चाळण करतो, औषध नाही, लस नाही. १९६७ साली कोलोरॅडोमध्ये बंदिस्त हरणांत पहिल्यांदा लक्षात आला, १९८१ ला रानातल्या एल्कमध्ये (ही हरणांचीच एक मोठी जात) सापडला, कॅनडातून नेलेल्या एल्कबरोबर दक्षिण कोरियात पोचला आणि २०१६ ला नॉर्वेच्या रानटी रेनडिअरमध्ये सापडला. लागण झालेलं हरीण वर्षभर, कधी जास्तही, ठणठणीत दिसतं आणि तेवढ्यात लाळेतून, लघवीतून, लेंड्यांतून तो पसरत असतो. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. पण फार्मवरून सुटलेलं एक हरीण रानातल्या कळपात मिसळलं तर ते कुठून आलं हे कळणं का गरजेचं, ते यावरून कळेल. शेजारी तिसरा म्हणाला ना आजारी असेल, तर टॅग ही आजाराची खूण नाही, पण हाडं वर आलेलं, लाळ गाळणारं, कान पाडून एका जागी उभं राहणारं हरीण दिसलं तर टॅग असो नसो, त्याच दिवशी कळवा.

फोटो कसा काढायचा

फोनवर झूम करून काढलेला फोटो म्हणजे पिवळा ठिपका, बस. दुर्बीण असेल तर फोनची लेन्स दुर्बिणीच्या डोळ्याला टेकवा, हात टेबलावर किंवा खिडकीच्या चौकटीवर ठेवा आणि फोटोऐवजी व्हिडिओ घ्या. हरणाचे कान एक क्षण स्थिर राहत नाहीत, मिनिटभराच्या व्हिडिओत टॅग सरळ समोर येणारी एखादीच फ्रेम असते, ती नंतर थांबवून थांबवून शोधायची. कॅमेरा असेल तर शटर निदान १/५०० सेकंद ठेवा, नाहीतर हरीण शार्प आणि कान पुसट असा फोटो येतो, माझ्याकडे असे चाळीस आहेत.

ट्रेल कॅमेरा (झाडाला बांधायचा, जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा) लावणार असाल तर रात्रीच्या फोटोंवर अवलंबून राहू नका. इन्फ्रारेडचा उजेड टॅगवर पडला की तो पांढराफटक होतो आणि आकडा गायब, रंग तर रात्री कळतच नाही. हरणाच्या खांद्याच्या उंचीला, वाटेच्या समोर नाही तर थोडा तिरका बांधा, एका वेळी तीन-चार फोटोंची मालिका लावा, आणि पहाटेचा उजेड समोरून कॅमेऱ्यात येणार नाही अशी दिशा धरा. चारा टाकून बोलवायचा मोह होतो, तो टाळा, एका जागी तोंडाला तोंड लावून खाल्लं की वरचाच रोग पसरतो आणि बऱ्याच ठिकाणी ते कायद्याने बंद आहे. रात्री बॅटरीचा झोत मारणंही तसंच, अनेक ठिकाणी तो शिकारीचाच प्रकार धरतात, उगाच नसती आफत.

आणि पाठलाग तर मुळीच नको. नंबर आज नाही मिळाला तर उद्या मिळेल, मादी साधारण त्याच टापूत फिरते. रस्त्यावर मेलेलं टॅगवालं हरीण दिसलं तर टॅग उपटून घेऊ नका, दोन्ही कानांचे मागून-पुढून फोटो काढा, जागा नोंदवा आणि कळवा, टॅग जागेवर असेल तर न्यायला आलेल्या माणसाला नेमकं जनावर सापडतं.

कळवायचं कुणाला

इथे सगळ्यात जास्त डोकं फिरतं. बऱ्याच ठिकाणी रानातली हरणं वन्यजीव खात्याकडे आणि फार्मवरची हरणं शेती-पशुसंवर्धन खात्याकडे असतात. मी एका ऑफिसात फोन केला, ते म्हणाले टॅग आहे म्हणजे पाळीव, आमचं नाही. दुसरीकडे केला, ते म्हणाले मोकळं फिरतंय म्हणजे जंगली, आमचं नाही. दोघांचंही तर्कशास्त्र बिनतोड, हरणी बिचारी कुणाचीच नाही. यावर उपाय एकच, दोघांना एकच ईमेल, दोघांची नावं वर दिसतील अशी. लेखी असलं की कुणीतरी पुढे ढकलतं आणि ढकलत ढकलत ती योग्य माणसापर्यंत पोचते. जवळच्या विद्यापीठात वन्यजीवांचा विभाग असेल तर त्यांनाही टाका, माझं उत्तर शेवटी तसंच आलं.

मेलमध्ये गोष्ट सांगू नका, नोंद द्या. तारीख, वेळ, मॅपवरचं नेमकं ठिकाण, नर का मादी, शिंगं कशी, हरणाच्या कुठल्या कानात काय, रंग, आकार, आकडे. न वाचता आलेल्या आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाका, अंदाज नको, "६?" हे "६८ असावं" पेक्षा शंभरपट बरं. बरोबर किती हरणं होती, त्यातली टॅगवाली किती. दुसऱ्या कानात फाटलेली खाच आहे का हेही बघा, टॅग झुडपात अडकून निघून जातो आणि कानाची पाळी चिरलेली राहते, म्हणजे त्याला पूर्वी दोन टॅग असावेत. एक न कापलेला पूर्ण फोटो, एक फक्त कानाचा मोठा केलेला.

उत्तर यायला वेळ लागतो, प्रोजेक्ट संपलेलं असतं, टॅग मारणारा विद्यार्थी नोकरीला लागून दुसऱ्या देशात गेलेला असतो, जुन्या वह्या काढाव्या लागतात. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, राग नको.

माझ्या ६८ नंबरचं उत्तर एका ओळीचं होतं. तीन वर्षांपूर्वी, मादी पाडस, वजन इतकं, टॅग लावला ते ठिकाण आमच्या ओढ्याच्या पलीकडे, घरापासून चालत वीस मिनिटांवर. मी तोवर डोक्यात तिला दोन राज्यं ओलांडून आणलं होतं! खाली त्यांनी एक विचारलं होतं, तिच्यामागे पाडसं दिसली का आणि किती, कारण ती जिवंत आहे हेच त्यांना माझ्या मेलमुळे कळलं होतं. मी तोपर्यंत नुसता कान बघत बसले होते, मागे गवतात काय आहे ते बघितलंच नव्हतं. जुने व्हिडिओ परत काढले तर दोन होती, बिनटॅगची, एकाची शेपटी तेवढी गवताबाहेर.